कुरघोडी कोणती आणि झुंज कोणती?
लहानपणी एकमेकांना बिलगून झोपणारे दोन ससे साडेतीन ते सहा महिन्यांचे होऊन वयात आले की एकमेकांवर धावून जाऊ लागतात आणि बहुतेक पाळणारे तेव्हा नेमके उलटे वागतात. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढला की घाबरून दोघांना वेगळे करतात आणि खरी झुंज जुंपली की ‘त्यांचे ते मिटवतील’ म्हणून पाहत बसतात.

कुरघोडी सर्वांच्या परिचयाची आहे. चढणे, थोडा पाठलाग, तोंडाने चार केस उपटणे, हे सारे वरचढ कोण ते ठरवण्यासाठी चालते. माद्याही ते करतात, त्यामुळे ‘चढतो तो नरच’ हा समज एकदाचा सोडावा. नसबंदी न झालेली नर-मादीची जोडी असेल, तर मात्र त्यांना त्याच दिवशी वेगळे करावे, कारण सुमारे 31 दिवसांत पिल्ले होतात.

फरक ओळखायचा तर वरच्या सशाकडे नव्हे, खालच्याकडे पाहावे. तो मान जमिनीला टेकवून पडून राहिला किंवा दूर पळाला आणि वरच्याने तेवढ्यावर त्याचा नाद सोडला, तर मध्ये पडू नये; अपवाद तोंडाकडून चढणाऱ्याचा, कारण खालच्याने चावा घेतल्यास जननेंद्रियाला गंभीर इजा होते. झुंजीत माघार कोणी घेत नाही, किंवा घेतली तरी समोरचा ती मानत नाही. कान पाठीला चिकटतात, शेपटी वर उठते आणि पुढच्याच क्षणी दोघे एकमेकांच्या शेपटीमागे गरगर फिरत दात रोवतात. अडवायचे ते कान पडताच, आणि तेही टॉवेल टाकून किंवा जाड हातमोजे घालून. उघडा हात घालण्याचे धाडस मला निव्वळ मूर्खपणाचे वाटते. जमिनीवरच्या केसांच्या पुंजक्यांवरून निष्कर्ष काढणेही व्यर्थ, कारण केस दोन्हींत निघतात. पुंजक्याच्या मुळाशी कातडी किंवा रक्त दिसले, तर ती झुंजच समजावी आणि अंगावरची लव फुंकर मारून बाजूला करत कातडी तपासावी, कारण दाताची बारीक जखम वरून बुजते आणि आत गळू धरते.

नसबंदी केली की दुसऱ्या दिवशी सारे शांत होईल, ही अपेक्षा चुकीची आहे. संप्रेरके ओसरायला काही आठवडे लागतात आणि नर त्या काळात मादीला गाभण करण्याइतका सक्षम राहू शकतो. तोवर दोघांमध्ये दुहेरी जाळी असावी, आणि दोन जाळ्यांत इतके अंतर ठेवावे की वास पोहोचेल, पण नाकाला दात लागणार नाही.