किमोच्या म्हाताऱ्या पेशंटची हगवण: सी डिफची पार्श्वभूमी

सी डिफ, म्हणजे क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल, हा हगवण लावणारा आतड्यातला जंतू 1935 मधे तान्ह्या बाळांच्या शीमधे सापडला. बाळं ठणठणीत होती म्हणून पुढं चाळीसेक वर्षं त्याच्याकडं कोणी फारसं बघितलंच नाही. मग 1970 च्या दशकात क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या लोकांच्या आतड्यात पिवळट थर दिसायला लागले आणि 1978 ला कळलं की हे याच जंतूच्या विषानं होतंय, अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतू मेले की हा माजतो.

खरी दहशत बसली ती 2000 नंतर. कॅनडातल्या क्वेबेक भागात जास्त विष सोडणारी जात पसरली, सिप्रो-लिव्होफ्लॉक्सच्या घराण्यातल्या अँटिबायोटिकना ती दाद देत नव्हती, आणि सगळ्यात जास्त झळ बसली म्हाताऱ्यांना. 65 च्या वरचं वय हा धोका तेव्हापासून सगळे मानतात, त्यात कॅन्सर असला तं भर पडते, कारण काही किमोची औषधं स्वतःच आतड्याचं अस्तर आणि तिथले जंतू बिघडवतात.

आता आपल्याकडं बघा. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेला बुढा नागपूर नाहीतर सेवाग्रामला किमो घेतो, शेक (रेडिएशन) घेतो आणि गावी परततो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरून ताप आला तं अँटिबायोटिक द्यावंच लागते, तिथं टाळाटाळ म्हणजे जिवाशी खेळ. पण पातळ संडास लागली की मेडिकलमधून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, म्हणजे परत अँटिबायोटिकच, आणि संडास बंद करायची गोळी येते, हे मला अजिबात पटत नाही. विष आत असताना आतडं थांबवलं तं ते आतच राहू शकते, म्हणून सी डिफची शंका असताना ती गोळी डॉक्टरला न विचारता देऊच नये. वरून मेडिकलवाला पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या देतो, नावाचा तुकडा त्याच्याकडंच राहतो, मग मोठ्या दवाखान्यात "आधी कोणतं औषध घेतलं" विचारलं की घरचे फक्त "पांढरी गोळी" सांगतात.

सगळ्यात जास्त घोळ टेस्टचा आहे. जुनी टेस्ट विष शोधायची, पण बऱ्याच केसेस तिच्यातून सुटायच्या. मग पीसीआर आली, ती जंतूचा विष बनवणारा जीन शोधते आणि जवळपास काही सोडत नाही, सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला. पण जीन असणं म्हणजे आजार असणं नाही! दवाखान्यात वारंवार भरती होणाऱ्या कॅन्सर पेशंटमधे हा जंतू काही त्रास न देताही बसलेला असतो, आणि हगवण तं किमोनंही लागते, मग पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ लावायचा कसा? विनाकारण औषध दिलं तं उरलेले चांगले जंतूही जातात, न दिलं आणि खरंच सी डिफ निघाला तं बुढा हातचा जातो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी दोन टप्प्यांत तपासतात, विषाचीही टेस्ट करतात आणि फक्त पातळ संडासच घेतात. बरं वाटल्यावर परत टेस्ट करायची नसते, रिपोर्ट कितीतरी आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो.

आजार किती गंभीर हे ठरवायचं मापही इथं फसते. पांढऱ्या पेशी 15,000 च्या वर किंवा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.5 च्या वर म्हणजे गंभीर, असं ते माप. पण किमोनं ज्याच्या पेशी हजाराच्या आत गेल्या त्याचा आकडा वर जाणार कुठून? हे माप बनवताना आपला पेशंट कोणाच्या डोळ्यासमोर नव्हता असंच मला वाटते.

औषधाचं म्हणाल तं मेट्रोनिडाझोल कित्येक वर्षं पहिलं होतं, 2018 च्या अमेरिकन गाईडलाईननं ते मागं सारून व्हँकोमायसिन, फिडॅक्सोमायसिन पुढं आणलं, 2021 ला फिडॅक्सोमायसिनला पहिली पसंती मिळाली. व्हँकोमायसिन इथं तोंडानंच द्यावं लागते, शिरेतून दिलेलं आतड्यात पोचत नाही.

कोरोनानंतर वॉर्डात सॅनिटायझरची बाटली आली, पण या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत. बुढ्याचं करणाऱ्यानं साबण-पाण्यानंच हात धुवायचे, आणि संडासची जागा ब्लीचनं.