ऑक्सिजनला पत्ता कोण सांगतं?

‘अमिबा शरीराच्या संपूर्ण पृष्ठभागातून श्वसन करतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे. त्याच्या जोडीला दुसरं एक वाक्य असतं: ‘विसरणात रेणू जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातात.’ विसरण म्हणजे रेणूंचं आपोआप पसरणं आणि संहती म्हणजे ठरावीक जागेतली त्यांची दाटी. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण दुसऱ्यामुळे एक गैरसमज पक्का होतो. पेशीत ऑक्सिजन कमी पडला आहे हे रेणूला कळतं आणि तो तिकडे निघतो, असं वाटू लागतं. आकृत्यांमधले बाणही तेच सुचवतात.

रेणूला काहीही कळत नाही. पाण्यातला ऑक्सिजनचा रेणू जत्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखा चहूबाजूंनी धक्के खात असतो आणि प्रत्येक धक्क्याला त्याची दिशा बदलते. समजा, पेशीपटलाबाहेर हजार रेणू आहेत आणि आत शंभर. ठरावीक वेळात दर दहांतला एक रेणू योगायोगाने पटल ओलांडतो, असं धरू. म्हणजे बाहेरून शंभर आत येतील आणि आतून दहा बाहेर जातील. नव्वदांची भर पडली, आणि त्यासाठी कुणी कुणाला ओढलं नाही की ढकललं नाही. आत आलेला ऑक्सिजन पेशी सतत वापरून टाकते, म्हणून आतला आकडा कमीच राहतो आणि आवक चालू राहते. कार्बन डायऑक्साइड आत तयार होतो, त्यामुळे त्याचा हिशेब उलटा. दोन्ही वायू पटलाच्या स्निग्ध थरातून सहज पार होतात. त्यांना दार लागत नाही.

आता मला सर्वात आवडणारा भाग. अशा भरकटण्यात अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो, अंतर दहापट झालं तर शंभरपट. पाण्यातल्या ऑक्सिजनचा हिशेब मांडला, तर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, सरकायला त्याला साधारण सेकंदाचा चार हजारावा भाग पुरतो. एका मिलिमीटरला चार मिनिटं लागतात, एका सेंटिमीटरला जवळपास सात तास आणि एका मीटरला सुमारे आठ वर्षं! मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या जीवाणूला फुफ्फुसं आणि रक्त का लागत नाहीत आणि आपल्याला का लागतात, ते या वर्गाच्या नियमात आहे. शिवाय पेशी फुगत गेली की आकारमान घनाने वाढतं, पृष्ठभाग मात्र वर्गाने. खाणारी तोंडं वाढतात, त्या मानाने दारं वाढत नाहीत.

‘पेशींना थेट ऑक्सिजन देणारं’ म्हणून महागड्या बाटल्यांतून पाणी विकलं जातं, त्याबद्दल इथेच सांगायला हवं. हवेच्या संपर्कातल्या लिटरभर पाण्यात २५ अंश सेल्सियसला जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. बाटलीत त्याच्या दहापट कोंबला, तरी आपण एका साध्या श्वासात घेतो त्या हवेत त्याहून जास्त असतो. ही शुद्ध फसवणूक आहे.

अन्नाचं गणित वेगळं. ग्लुकोज पटलातून असं निसटू शकत नाही, त्याला वाहक प्रथिनं लागतात. अमिबा छद्मपादांनी, म्हणजे शरीराच्या तात्पुरत्या फुगवट्यांनी, भक्ष्याला वेढून अख्खं आत घेतो. पॅरामेशियम हा दुसरा एकपेशीय जीव पक्ष्माभिकांनी, म्हणजे अंगावरच्या केसांसारख्या तंतूंनी, पाण्याचा प्रवाह तोंडाशी आणतो, आणि त्याच्या अन्नपुटिका, म्हणजे अन्नाच्या बारीक पिशव्या, पेशीभर फिरत राहतात, म्हणजे पचलेलं अन्न सगळीकडे पोचतं. वाळकं गवत भिजवून काही दिवस ठेवलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. परासरणाने, म्हणजे पटलातून आपोआप, आत शिरलेलं जादा पाणी जमवणारी पॅरामेशियमची संकोचशील रिक्तिका (आकुंचन पावणारी पिशवी), भोवती तारकेसारख्या नलिका असलेली, हळूहळू फुगते आणि एकदम नाहीशी होते, की पुन्हा फुगू लागते.

मग पेशी सेंटिमीटरभर लांब असूच शकत नाही का? कॅरिबियन बेटांपैकी ग्वादलुपच्या खारफुटीत सापडलेला ‘थायोमार्गारिटा मॅग्निफिका’ हा जीवाणू २०२२ मध्ये जगासमोर आला. तो एकाच पेशीचा धागा आहे, साधारण एक सेंटिमीटर लांब आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारा. पण त्याने वर्गाचा नियम मोडलेला नाही. त्याच्या आकारमानाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग एका मोठ्या रिक्तिकेने व्यापला आहे, आणि जिवंत पेशीद्रव्य कडेच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरातच आहे. वायू आणि पोषकद्रव्यांना तेवढंच अंतर कापावं लागतं. प्रथिनं तर ऑक्सिजनहून कितीतरी संथ सरकतात. त्यावर त्याचा उपाय असा, की जनुकसंचाच्या लाखो प्रती पटलाने वेढलेल्या बारीक पिशव्यांमध्ये त्या थरभर विखुरलेल्या आहेत, प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमसह. त्यामुळे जिथे प्रथिन लागतं, तिथेच ते तयार होतं.