सूप आधी की सुवार्ता आधी?

चर्चची माणसं बेघरांना जेवण देतात, दारूत बुडालेल्यांना नाहीतर जेलमधून सुटून आलेल्यांना रात्री झोपायला जागा देतात, हे दिसलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते केवढं मोठं काम, दुसरी म्हणते सगळं धर्मांतरासाठी चाललंय. पण हे भांडण बाहेरच्यांनी सुरू केलेलं नाहीये, ते चर्चच्या आतच दीडशे वर्षं चालू आहे आणि मुद्दा साधा आहे, सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, ऐकायची नसेल तर सूप मिळणार की नाही.

सुरुवात ईस्ट लंडनपासून करावी लागते. गोदीतली रोजंदारी, एका खोलीत अख्खं कुटुंब, कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचं दुकान. विल्यम बूथ हा मेथडिस्ट प्रचारक १८६५ मध्ये व्हाइटचॅपलला रस्त्यावर बोलायला लागला, मग क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या जुन्या दफनभूमीत तंबू टाकून सभा घ्यायला लागला. लहानपणी त्याने नॉटिंगहॅममध्ये गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी केली होती, त्यामुळे माणसं पोटासाठी काय काय गहाण टाकतात हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. ज्यांनी पश्चात्ताप केला त्यांना तो आधी नेहमीच्या चर्चमध्ये पाठवायचा, पण तिथे पुढचे बाक भाड्याने घेतलेले असायचे आणि मळक्या कपड्यातली माणसं शेजारी बसलेली कोणाला चालायची नाहीत. मग स्वतःचंच मिशन वाढवलं, १८७८ मध्ये त्याचं नाव साल्व्हेशन आर्मी झालं, म्हणजे मराठीत मुक्तिफौज. त्याची बायको कॅथरीन स्वतः प्रवचन करायची, त्या काळात, आणि फौजेत बायका ऑफिसर व्हायच्या. याचा राग असलेलेही होते, १८८० च्या दशकात स्केलेटन आर्मी नावाच्या टोळ्या यांच्या मिरवणुकांवर दगड फेकायच्या, आणि दारू विकणाऱ्यांचा त्यांना आतून पाठिंबा असायचा.

बूथचा सुरुवातीचा हिशोब सरळ होता, आत्म्याचं तारण झालं की बाकीचं जुळून येईल. तसं झालं नाही. १८९० च्या त्याच्या पुस्तकात तो वेगळंच बोलतो, म्हणतो लंडनचा टांग्याचा घोडा रस्त्यात पडला तर आधी त्याला उभं करतात, चूक कोणाची ते नंतर बघतात, आणि घोड्याला निवारा, चारा आणि काम तिन्ही मिळतं, मग माणसाला एवढं तरी का नाही. मला हा मुद्दा त्याच्या सगळ्या प्रवचनांपेक्षा भारी वाटतो. पुढच्याच वर्षी फौजेने काड्यापेटीचा कारखाना काढला. तेव्हा काड्यांमध्ये पिवळा फॉस्फरस वापरायचे, त्याने कामगार बायकांचं जबड्याचं हाड सडायचं, १८८८ मध्ये ब्रायंट अँड मे च्या मुलींनी संप केला होता तोच हा धंदा. फौजेने तांबडा फॉस्फरस वापरला आणि एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, कामगारांना ४ पेन्स दिले, बाहेर रेट अडीच पेन्सच्या आसपास होता. काडी महाग पडली, कारखाना दहाएक वर्षांत बंद झाला, पण १९०१ पर्यंत ब्रायंट अँड मे ने पण पिवळा फॉस्फरस सोडला होता.

न्यूयॉर्कमध्ये गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू झाली. जेरी मॅकॉली हा आयरिश माणूस, सिंग सिंग जेल भोगून आलेला, त्याने बायको मारियाबरोबर १८७२ मध्ये वॉटर स्ट्रीटला मिशन उघडलं. तिथे पाळकाचं लांबलचक प्रवचन नाही, काल गटारात पडलेला माणूस आज उभा राहून साक्ष द्यायचा. नंतरच्या रेस्क्यू मिशनांनी, म्हणजे रस्त्यावरच्या माणसांना सावरणाऱ्या मिशनांनी, हाच साचा उचलला. सांगणारा त्याच गल्लीतला असला की ऐकणाऱ्याला आपल्याला वरून कोणी शिकवतंय असं वाटत नाही, एवढं साधं आहे ते.

व्हाइटचॅपलमध्येच सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट यांनी १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल काढला, युनिव्हर्सिटीतल्या पोरांनी येऊन वस्तीत राहायचं, क्लासेस घ्यायचे, धर्माचा आग्रह नाही. बार्नेट स्वतः पाद्री, तरी काही जणांना हे फारच पातळ वाटलं आणि त्यांनी त्याच वर्षी बेथनल ग्रीनला ऑक्सफर्ड हाऊस उघडलं, जास्त धार्मिक. तेच सूप आणि सुवार्तेचं भांडण, दोन मोहल्ल्यांत.

डोरोथी डे ने मात्र अटच काढून टाकली. आधी डाव्या चळवळीतली पत्रकार, मग कॅथलिक झालेली. मंदीच्या काळात, १ मे १९३३ ला, पीटर मॉरिनबरोबर काढलेला एक सेंटचा पेपर तिने न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये विकायला आणला, आणि लवकरच त्याला जोडून गरिबांसाठी घरं उघडली. येणाऱ्याला पाहुणा म्हणायचं, प्रार्थनेला बसलास तरच जेवण असलं काही नाही, आणि गरिबी कोणामुळे आहे हे पेपरात छापायचं. हा शेवटचा भाग लोकांना जड गेला.

इंग्लंडमध्ये तोच प्रश्न १९८५ ला परत आला. अँग्लिकन चर्चच्या कमिशनने शहरांतल्या पडक्या भागांवर ‘फेथ इन द सिटी’ हा रिपोर्ट काढला, आणि थॅचर सरकारातल्या एका मंत्र्याने, नाव न सांगता, तो मार्क्सवादी आहे असं पेपरवाल्यांना सांगितलं. त्यात एकूण ६१ शिफारशी होत्या. सरकार आणि देशासाठी २३, बाकीच्या ३८ चर्चने स्वतःलाच केलेल्या.