फडक्याला लागणारा रंग: गाडी घासायची सवय आपल्याकडे कुठून आली

खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडायची, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा, आणि त्याच्या आधीचा रविवार आमच्याकडे पद्मिनीचा असायचा. सांगलीला, नव्वद सालच्या आसपास. आकाशी रंगाची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. आधी बादलीभर पाणी, मग कपड्याच्या पावडरीचा फेस, मग परत पाणी, आणि मग बाबा माळ्यावरून रबिंगचा डबा काढायचे. आत करडी पेस्ट, रॉकेलसारखा वास, दोन बोटांत चोळली की बारीक रेती लागायची. जुन्या बनियनच्या तुकड्यावर बोटभर पेस्ट घेऊन बॉनेटवर गोल गोल, आणि दहा मिनिटांत ते बनियन आकाशी. बाबा ते आम्हाला दाखवायचे, बघा किती मळ निघाला!

तो मळ नव्हता, रंगच होता. हे मला पंचवीसेक वर्षांनी कळलं, आणि तेही स्वतःच्या गाडीचं वाटोळं झाल्यावर. ते सांगतोच, पण आधी ही घासायची सवय आली कुठून ते बघू, कारण बाबांचं काही चुकत नव्हतं, त्यांच्या गाडीला ते बरोबरच होतं.

मोटारी नवीन होत्या तेव्हा त्यांना रंग लागायचा तो घोडागाडीचा. म्हणजे शब्दशः, बग्ग्या रंगवणारेच कारागीर, तेच तेलाचं व्हार्निश, ब्रशने थरावर थर, प्रत्येक थर वाळायचा, घासायचा, परत पुढचा. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे जायचे. आणि बग्गी धुणाऱ्यांचे नियमही मोटारीला तसेच चिकटले: उन्हात धुवायची नाही, चिखल वाळू द्यायचा नाही, आधी भरपूर पाणी सोडायचं, स्पंजने हलक्या हाताने पुसायचं आणि शेवटी मऊ चामड्याने पाणी टिपायचं. आज दुकानात मिळणारा पिवळा शॅमॉयचा फडका हा त्या चामड्याचाच नातू, नाव तेच, माल सिंथेटिक. यातले जवळजवळ सगळे नियम आजही लागू आहेत, याची मला गंमत वाटते, म्हणजे घोडा गेला पण मोतद्दाराचं म्हणणं राहिलं.

हेन्री फोर्डला आठवडेच्या आठवडे थांबणं परवडणारं नव्हतं, त्याने भट्टीत लवकर सुकणारं काळं इनॅमल धरलं आणि १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळीच मिळायची. दुसऱ्या बाजूला ड्युपाँट कंपनीने ड्यूको नावाचं लॅकर आणलं आणि १९२३ मधे जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या त्यात रंगून आल्या, निळ्या. हे नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून बनवलेलं, गनकॉटन आणि जुन्या सिनेमाची रिळं यांच्याच घराण्यातलं. स्प्रे गनने मारायचं, थिनर उडून गेलं की झालं, आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि काळ्याशिवायचे रंग सगळ्यांच्या आवाक्यात आले. हे ड्यूको नाव आपल्याकडे इतकं मुरलंय की आजही पेंटर किचनच्या शटरला 'ड्यूको मारून देतो' म्हणतो, आणि ते मूळचं एका ब्रँडचं नाव आहे हे ना त्याला माहिती असतं ना आपल्याला.

पण या रंगाला एक खोड होती. ऊन लागलं की वरचा थर मरायचा, खडूसारखा भुरकट व्हायचा, हात फिरवला तर हाताला लागायचा. मग उपाय एकच, मेलेला थर घासून काढा, खालचा ताजा रंग वर आणा, आणि परत ऊन लागू नये म्हणून मेण लावा. म्हणजे पॉलिश करणं ही हौस नव्हती, आठ-पंधरा दिवसांनी दाढी करावी तसं ते काम होतं, आणि त्यातून सगळा धंदा उभा राहिला. शिकागोची सायमनाइझ कंपनी त्याही आधीची, १९१० ची, व्हार्निशच्या काळातली, पण लॅकरने धंद्याला बरकत आली आणि तिचं नाव अमेरिकेत क्रियापदच होऊन बसलं, आपण 'झेरॉक्स काढ' म्हणतो तसं. चाळीसच्या दशकात शिकागोतच बेन हर्श नावाच्या माणसाने घरच्या बाथटबमधे पॉलिश ढवळायला सुरुवात केली. त्याचा किस्सा असा सांगतात की तो बेसबॉलच्या स्टेडियमबाहेर लावलेल्या गाड्यांचा एकच मडगार्ड चकाचक करून ठेवायचा आणि मालक येईपर्यंत तिथे उभा राहायचा. एक मडगार्ड आरसा आणि बाकी गाडी मळकट, कोण बाटली घेणार नाही? तीच पुढे टर्टल वॅक्स झाली.

मेण म्हणजे मुख्यतः कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधे एक ताडाच्या जातीचं झाड आहे, तिथे पाऊस कमी, ऊन मरणाचं, म्हणून ते झाड पानावरचं पाणी उडू नये यासाठी स्वतःच मेणाचा लेप काढतं. पानं कापायची, वाळवायची, झोडायची की त्या मेणाची पूड पडते. नैसर्गिक मेणांत हे सगळ्यात कडक, वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं, मधमाशीचं मेण ६०-६५ लाच ढेपाळतं. १९३५ मधे जॉन्सन वॅक्सचा मालक एच. एफ. जॉन्सन या झाडांच्या शोधात अमेरिकेहून थेट ब्राझीलपर्यंत पाण्यावर उतरणारं विमान घेऊन गेला होता, एवढी या मेणाला किंमत होती. म्हणजे आपण मे महिन्यात बॉनेटला जे लावतो ते मुळात एका झाडाने उन्हापासून वाचायला केलेलं आहे. फक्त झाड रोज नवीन लावतं आणि आपलं दोन-तीन महिन्यांत, पावसाळ्यात तर त्याच्याही आधी, धुऊन जातं.

आता आपल्याकडे. वालचंद हिराचंदांची प्रीमियर १९४४ ची, कुर्ल्याला कारखाना, तिथून आधी डॉज-प्लिमथ, मग फियाट आणि त्याच फियाटची पुढे पद्मिनी झाली. गाडी बुक केली की नंबर लागायला वर्षं जायची, त्यामुळे हातातली गाडी वीस-पंचवीस वर्षं चालवणं हे कंजूषपणाचं लक्षण नव्हतं, दुसरा मार्गच नव्हता. त्या गाड्यांवर रंग उघडा, वर पारदर्शक थर वगैरे काही नाही, आणि मधे कधीतरी नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने लांबी भरून, पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिशपेपर, मारून परत रंगवलेली, म्हणजे रंग भरपूर जाड. वर्षातून दोनदा रबिंग केलं तरी दहा वर्षं काही बिघडायचं नाही. रबिंगचा डबा, वॅक्सपोलची डबी आणि जुनी बनियनं हे प्रत्येक गाडीवाल्याच्या माळ्यावर असायचंच, काही टॅक्सीवाले तर सरळ रॉकेलचा फडका मारायचे, तासभर चमक आणि नंतर सगळी धूळ त्यालाच.

ऐंशीच्या दशकात जगभर रंगाची पद्धत बदलली, पुढे आपल्याकडेही. खाली रंगाचा पातळ थर आणि वर बिनरंगाचा क्लिअरकोट. चमक क्लिअरकोटची, उन्हाला तोंड द्यायचं काम क्लिअरकोटचं, खालचा रंग फक्त दिसण्यापुरता. प्रायमर धरून सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, त्यात क्लिअरकोट चाळीसच्या आसपास. डोक्याचा केस असतो ७० मायक्रॉनचा, म्हणजे आपण ज्याच्यावर हात चालवतो ते केसाहून पातळ. बरं, हा थर खडूसारखा मरत नाही, त्यामुळे त्याला उठसूट घासायची गरजच नाही. आणि हेच सांगायला कुणी आलं नाही. रंग बदलला, डबा तोच राहिला.

तर माझी गाडी. काळी हॅचबॅक, पुण्यात घेतली, दीड वर्षाची होती तेव्हा. बाबा दसऱ्याला आले आणि मी ऑफिसला गेलेला असताना त्यांनी ती माझ्यासाठी म्हणून घासून ठेवली, डबा सांगलीहून घेऊन आले होते, काय बोलणार. संध्याकाळी मला म्हणाले, 'तुझ्या गाडीचा मळ लई चिवट आहे रे, एवढं घासलं तरी फडक्याला काही येईना.' येणार कसा, क्लिअरकोटला रंगच नाही! बाबांचं सगळं गणित फडक्याच्या रंगावर होतं, रंग दिसला की थांबायचं, आणि तो काही दिसेना म्हणून ते जोर वाढवत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळचं तिरकं ऊन पडलं आणि बॉनेटवर कोळ्याची जाळी दिसायला लागली, कढई तारेच्या घासणीने घासल्यासारखी. मी त्यांना काही बोललो नाही. एका गॅरेजवाल्याकडे नेली, त्याने मशीनवर लोकरीचा पॅड लावून अशी फिरवली की जाळी गेली आणि बॉनेटच्या कडेला क्लिअरकोटच उडाला, कडेवर थर आधीच पातळ असतो आणि मशीन तिथेच तापते. बॉनेट परत रंगवावं लागलं. बाबांचा हात परवडला असता.

त्यानंतर मी या विषयात पडलो ते अजून बाहेर आलो नाही. लक्षात आलं ते हे की गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरी गाडी धुवायच्या ज्या नव्या वस्तू आल्या त्यातल्या बहुतेक न घासण्यासाठी आहेत. मायक्रोफायबर बघा, १९७० मधे जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतोने केसाच्या कितीतरी पट बारीक धागा काढला तो खोट्या सुएडसाठी, कपड्यांना, पुढे तसल्याच चिरलेल्या धाग्याचे पुसायचे फडके झाले, धूळ धाग्यांच्या मधे उचलली जाते, रंगावर फरफटत नाही. क्ले बारही जपानचाच, चिकणमातीसारखा गोळा, साबणाच्या पाण्यावर सरकवायचा की ब्रेकचा लोखंडी कण, डांबराचा ठिपका, झाडाचा चीक त्यात रुतून निघतो. आणि दोन बादल्या, एक साबणाची, एक फडका खळबळायची, बस, यात शोध कसला, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

कारण जाळी पॉलिशने कमी आणि धुण्या-पुसण्याने जास्त पडते. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला एक मुलगा येतो, एक बादली आणि एक फडका, दहा गाड्या. चौथ्या गाडीपर्यंत पाणी चहासारखं. पुण्यात बांधकामाची आणि खडीची धूळ रोज बसते, त्याच्यावर तो ओला फडका फिरवतो म्हणजे थोडक्यात रोज सकाळी पाण्याचा पेपरच मारतो. त्याची चूक नाही, त्याला दहा गाड्या तासात उरकायच्या असतात आणि सोसायटी पाणी मोजून देते. मी त्याला सांगून ठेवलंय, माझ्या फक्त काचा पूस, गाडी रविवारी मी बघतो. पैसे तेवढेच देतो.

पाण्याचं अजून एक. टँकरचं किंवा बोअरचं पाणी गाडीवर वाळू दिलं की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात, आणि तापलेल्या बॉनेटवर बरेच दिवस राहिले की क्लिअरकोटमधे खड्डा करतात. कबुतराच्या विष्ठेचं तसंच. उन्हाने क्लिअरकोट किंचित मऊ होऊन फुगतो, रात्री त्या वाळलेल्या खरखरीत थराभोवती आवळतो आणि त्याचा ठसा धरतो, म्हणून खरवडायचं नाही, ओला फडका पाच मिनिटं ठेवायचा, मग उचलायचा. बाकी दसऱ्याच्या हळदीला घाबरू नका, हळदीचा पिवळा रंग उन्हाने आपोआप उडतो.

सध्या सिरॅमिक कोटिंगचा जमाना आहे. शोरूममधे गाडीची किल्ली हातात द्यायच्या आधी '९एच हार्डनेस' ऐकवतात आणि माणूस समजतो जवळजवळ हिराच. ते ९एच पेन्सिलीचं आहे! वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर दाबून ओढायच्या, कुठली ओरखडा पाडते ते बघायचं, त्यात ९एच ही सगळ्यात कडक पेन्सिल, बास. कोटिंग वाईट नाही, पाणी मोत्यासारखं घरंगळतं, धुणं सोपं होतं, मेणापेक्षा खूप टिकतं, पण पहाटेच्या त्या बादलीपुढे तेही हात टेकतं. खडीपासून खरंच वाचायचं तर पीपीएफ, ती जाड पारदर्शक फिल्म, तिचा उगम व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून लावलेल्या पट्ट्यांमधे सांगतात, आणि किंमत ऐकली की पटतं.

बाबांचा डबा आता माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी ते आले तेव्हा गाडीचे हेडलाइट पिवळे पडलेले, आजकाल ते काचेचे नसतात, पॉलिकार्बोनेटचे असतात आणि वरचा कोट उन्हाने मरतो, अगदी जुन्या लॅकरसारखा. मी कडेने मास्किंग टेप लावून दिली आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला. दहा मिनिटांनी हाक मारली, फडका वर धरून दाखवत होते, चांगला पिवळाधमक.

'हा बघ, हा निघाला.'