सोलबर्ग विमानतळ

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील हंटरडन परगण्यात, रेडिंग्टन गावाच्या हद्दीत असलेला खासगी मालकीचा पण सर्वांना खुला विमानतळ. सांकेतिक नाव एन५१. सोलबर्ग कुटुंबाकडे तो सुरुवातीपासून आहे. इथून प्रवासी कंपन्यांची विमाने सुटत नाहीत. हौशी वैमानिकांची, उड्डाण शिकणाऱ्यांची लहान विमाने ये-जा करतात. नियंत्रण मनोरा नाही, त्यामुळे वैमानिक रेडिओवरून एकमेकांना आपला ठावठिकाणा सांगत उतरतात. मुख्य धावपट्टी 3,735 फुटांची, पण डांबर त्यातल्या 3,000 फुटांवरच; उरलेले गवत. दुसरी धावपट्टी तर सगळीच गवताची.

संस्थापक थोर सोलबर्ग यांचा जन्म 1893 मध्ये नॉर्वेतील फ्लोरो इथे झाला. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर विमानाने मायदेशी जायचे त्यांनी मनावर घेतले. 1932 चा पहिला प्रयत्न आजच्या कॅनडातील न्यूफाउंडलंडला अपघातात संपला. 1935 मध्ये ते पुन्हा निघाले. ‘लाइव्ह एरिकसन’ हे पाण्यावर उतरू शकणारे लोनिंग बनावटीचे विमान, सोबत रेडिओ सांभाळायला पॉल ऑस्कॅनियन. लॅब्राडोर, ग्रीनलँड, आइसलँड असे टप्पे घेत, म्हणजे नॉर्वेकडून अमेरिकेकडे गेलेल्या जुन्या व्हायकिंग दर्यावर्दींची वाट उलटी धरून, ते 18 जुलैला न्यूयॉर्कहून निघाले आणि 16 ऑगस्टला नॉर्वेतल्या बर्गनला पोहोचले. ते विमान नॉर्वेत जपून ठेवले आहे. त्यानंतर काही वर्षांतच सोलबर्ग यांनी रेडिंग्टनच्या शेतजमिनीवर हा विमानतळ उभारला. 1967 मध्ये ते वारले आणि कारभार मुलांकडे आला.

पुढची गोष्ट विमानांपेक्षा जमिनीची आहे. न्यूयॉर्कपासून 60-70 किलोमीटरवरचा हा शेतीचा पट्टा हळूहळू घरांनी भरत गेला. नव्वदच्या दशकात धावपट्टी लांबवण्याचा विचार पुढे आला, तेव्हा इथे जेट विमाने येतील या धास्तीने गावात दोन तट पडले. 2006 मध्ये ही जमीन घेण्यासाठीच्या 2.2 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदारांनी कौल दिला आणि नगर प्रशासनाने 726 एकरांवर सक्तीच्या संपादनाची कारवाई सुरू केली: भोवतीची 624 एकर जमीन थेट घ्यायची, आणि प्रत्यक्ष विमानतळाच्या सुमारे 102 एकरांचे विकासहक्क, म्हणजे तिथे नवे बांधकाम करण्याचे हक्क. आपल्याकडे विमानतळ बांधण्यासाठी जमिनी घेतात. इथे तो वाढू नये म्हणून घेतली जात होती. कागदावर कारण मात्र मोकळी जागा आणि शेती राखण्याचे होते.

खटला वर्षानुवर्षे चालला. 2009 मध्ये अपील न्यायालयाने तो सविस्तर सुनावणीसाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. मे 2015 मध्ये न्यायाधीश पॉल आर्मस्ट्राँग यांनी मोकळ्या जागेचे कारण ही केवळ सबब असून खरा हेतू विमानतळावर ताबा मिळवण्याचा होता, असे ठरवून संपादन रद्द केले. 2017 मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. जमीन कुटुंबाकडे राहिली. जेट विमानांची धास्ती घेणारे लोक सरसकट चूक होते असे मात्र म्हणता येत नाही. आवाजाचा त्रास खराच असतो. न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा होता, तो हेतूच्या प्रामाणिकपणाचा.

एरवी शांत असलेल्या या मैदानावर जुलैमधल्या फुग्यांच्या महोत्सवाला तुफान गर्दी होते. गरम हवेचे सुमारे शंभर रंगीत फुगे इथून आकाशात चढतात, आणि त्यांना धावपट्टी लागत नाही.