'गेममध्ये हे आत्ताच घुसडलंय' म्हणणाऱ्यांसाठी

रोल-प्लेइंग गेममधली (म्हणजे ज्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्या व्हिडिओ गेममधली) एलजीबीटी पात्रं हे अलीकडचं फॅड, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. खरं तर १९९८ च्या 'फॉलआउट २' मध्ये मोडोक गावातल्या एका बापाच्या पोराशी किंवा पोरीशी लगट करताना सापडलात, तर तो बंदूक रोखून लग्न लावून देतो. तुमचं पात्र पुरुष की स्त्री, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. (जोडीदार लढाईत अगदीच कुचकामी निघतो, ते वेगळं.)

दुसरा गैरसमज लेखकांचा: असं पात्र आलं की त्यानं ओळख जाहीर केलीच पाहिजे. 'मास इफेक्ट ३' (२०१२) मधला स्टीव्ह कॉर्टेझ बघा. अंतराळयानावरचं शटल, म्हणजे ने-आण करणारं छोटं यान चालवणारा, सामानाचा हिशेब ठेवणारा माणूस. शटल ठेवायच्या जागेत तो नवऱ्याचा शेवटचा रेकॉर्ड केलेला निरोप ऐकत बसलेला असतो. 'कलेक्टर' नावाच्या परग्रहवासीयांच्या हल्ल्यात तो नवरा, रॉबर्ट, गेला. 'मी समलिंगी आहे' हे वाक्य तिथे लागतच नाही. 'माझा नवरा' एवढं पुरतं. आपल्याला दिसतं ते दुःख.

याउलट 'सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर' (२०१६) मधली मिझेना नावाबद्दल विचारताच आपण पारलिंगी असल्याचं सांगून मोकळी होते. तिच्यावरून झालेला बराचसा गदारोळ निव्वळ द्वेषाचा होता, पण संवाद उथळ आहे ही तक्रार मला पटते. तिला नुसती ओळख दिली, गोष्ट दिलीच नाही.

मात्र गप्प राहणं हाही नियम नव्हे. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' (२०१४) मधला डोरियन बापाशी आपल्या समलिंगी असण्यावरूनच भांडतो, कारण बापानं रक्तजादूनं त्याला 'बदलायचा' घाट घातला होता.