बोंबील, केळी आणि सिझियम

२४ ऑगस्ट २०२३ रोजी जपानने फुकुशिमा येथील अपघातग्रस्त अणुऊर्जा प्रकल्पातले प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली. त्यानंतर रावेरच्या आठवडे बाजारात सुक्या बोंबलांच्या टोपलीपुढे एका गृहस्थांनी मोबाइलवरचा संदेश दाखवत विक्रेतीला विचारले, "यात किरणोत्सर्ग नाही ना?" बोंबील अरबी समुद्रातला आणि फुकुशिमाच्या त्या पाण्यात उरलेले मुख्य द्रव्य ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप, जे माशाच्या अंगात सिझियमसारखे साठत नाही, पण असे संदेश भूगोल तपासून पुढे जात नाहीत.

खरा अभ्यासाचा विषय आहे या प्रकल्पाच्या मार्च २०११ च्या अपघातात समुद्रात गेलेले किरणोत्सर्गी सिझियम-१३७. आवर्तसारणीत ते पोटॅशियमच्याच गटात बसते. केळीला पालाश देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला पोटॅशियमची गरज सांगायला नको. माशाच्या स्नायूंनाही ते लागते आणि पेशींची जी दारे पोटॅशियमसाठी उघडतात, त्यांतूनच सिझियमही आत शिरते. मात्र समुद्री मासा सतत खारे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे सिझियम-१३७ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षांचे असले, तरी स्वच्छ पाणी व स्वच्छ अन्न मिळाल्यास माशाच्या शरीरातले त्याचे प्रमाण काही आठवड्यांत किंवा महिन्यांतच निम्म्यावर येते. तापीतल्या माशाचे गणित उलटे असते, कारण गोड्या पाण्यात क्षार दुर्मीळ असल्याने तो ते धरून ठेवतो आणि त्यांबरोबर सिझियमही.

मग काही समुद्री मासे दीर्घकाळ दूषित का राहिले? उत्तर त्यांच्या आहारात आहे. पृष्ठभागाजवळ प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगणाऱ्या माशांचे अन्न प्रवाहाबरोबर बदलत गेले आणि त्यांच्यातले सिझियम लवकर उतरले. तळाशी मात्र सिझियम गाळाला चिकटले. त्याचा बराच भाग मातीच्या कणांत घट्ट अडकून पडतो, पण सेंद्रिय कणांवरचा काही भाग गाळ खाणाऱ्या कृमींच्या पोटात जातो. या कृमींवर आणि खेकडे-कोळंबीवर जगणारा मासा जितके सिझियम बाहेर टाकतो, त्यात रोजच्या घासाबरोबर नवी भर पडत राहते. ऑगस्ट २०१२ मध्ये फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळ मिळालेल्या ग्रीनलिंग या तळाजवळ राहणाऱ्या माशांत किलोमागे २५,८०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) सिझियम आढळले, तेव्हा जपानची अन्नासाठीची मर्यादा १०० बेकरेल होती.

"केळ्यातही किरणोत्सर्ग असतोच, मग घाबरायचे कशाला?" हा उलट बाजूचा युक्तिवादही मला अपुरा वाटतो. केळ्यात पोटॅशियम-४० हे पोटॅशियमचे किरणोत्सर्गी रूप असते हे खरे, परंतु शरीर पोटॅशियमची पातळी जवळपास स्थिर राखते आणि जास्तीचे मूत्रावाटे टाकते. सिझियमसाठी अशी ठरलेली पातळी नसते, जितके जास्त खाल्ले जाईल तितके अंगातले त्याचे प्रमाण जास्त राहते.